फलालीनचे दोन पायजमे

॥ श्री ॥

नारायण पेठ, पुणे
गुरुवार, १८ डिसेंबर

चि. मनू हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

या पत्रासोबत जे गाठोडे येत आहे ते उघडण्याआधी पत्र वाचावेस, एवढी विनंती आहे. गाठोडे आधी उघडलेस तर गेल्या रविवारचे भांडण मनात पुन्हा सुरू होईल आणि पत्र वाचायचे राहून जाईल. हा स्वभाव कोणाकडून आला आहे ते मला ठाऊक असल्यामुळे त्याबद्दल तक्रार करण्याची सोय नाही. नारायण पेठेतून पाषाणला पत्र पाठवणे हा शुद्ध वेडेपणा आहे, असे तुझी आई म्हणते. तिच्या मते फोन करावा. परंतु फोनवर माझा आवाज चढतो आणि तुझा बंद होतो, म्हणून कागदच बरा. दादा शनिवारी सूस रस्त्याला कोणाकडे तरी जाणार आहे, तो जाता जाता तुझ्या इमारतीच्या वॉचमनकडे दोन्ही वस्तू ठेवील. त्याला वर बोलाव असे मी म्हणत नाही. पण बोलावल्याशिवाय तो येणार नाही, हे तुलाही माहीत आहे.

आईला मी एक गोष्ट कबूल केली आहे. पत्रात फक्त कपड्यांविषयी लिहीन, तपासणीचा विषय काढणार नाही. कोणती तपासणी, हे लिहिले तर विषय काढल्यासारखेच होईल, म्हणून तेही लिहीत नाही.

गेल्या शनिवारी तुझ्या घरी रात्री दीड वाजता मी पाणी प्यायला उठलो तेव्हा तू हॉलमधल्या टेबलाशी बसली होतीस. परदेशातल्या मंडळींना दिसावा म्हणून वर इस्त्रीचा शर्ट घातला होतास आणि टेबलाखाली कॉलेजच्या काळातला, गुडघ्यांवर विरलेला पायजमा होता. पायांत काहीच नव्हते, आणि खाली त्या पांढऱ्या गुळगुळीत फरश्या, ज्यांवरून मी चपला घालूनही पाय आखडून चालतो. तुझे खांदे कानांपर्यंत वर आले होते. हातांचे पंजे बाह्यांत ओढून घेऊन तू फक्त बोटांच्या टोकांनी टाइप करीत होतीस. मी एवढेच म्हणालो की अंगावर काहीतरी घे, आणि तू आवाज बंद करून, चेहऱ्यावरचे हसू न मोडता, "बाबा, मीटिंग चालू आहे," असे म्हणालीस. तिथेच थांबलो असतो तर बरे झाले असते. सकाळी चहाच्या वेळी मी पुन्हा तोच विषय काढला, तू म्हणालीस की मी चौतीस वर्षांची आहे आणि मला थंडी केव्हा वाजते ते मला कळते, आणि मी म्हणालो, "कळत असते तर..." ते वाक्य मी पूर्ण केले नाही, पण तू ते पूर्ण ऐकलेस. त्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. मला जे म्हणायचे होते ते तुझ्या गेल्या चार वर्षांबद्दल नव्हते, थंडीबद्दलच होते. परंतु वाक्य अर्धवट सोडले की ऐकणाऱ्याला ते हवे तिकडे नेता येते, आणि तुला ते तिकडे न्यावेसे वाटावे एवढे कारण आम्हीच पूर्वी दिले आहे, हे मी मान्य करतो.

आता कपड्यांविषयी.

लक्ष्मी रस्त्यावर एकतीस वर्षे कापडाच्या काउंटरमागे उभे राहिल्यावर माणसाला जगातले फारसे काही कळत नाही, पण कापड कळते आणि गिऱ्हाईक कळते. पुण्यातली माणसे लग्नाच्या शालूसाठी चार दुकाने पालथी घालतात, बाहेर मिरवायच्या स्वेटरसाठी दोन फिरतात आणि रात्री घरात घालायच्या कपड्यासाठी एकाही दुकानाची पायरी चढत नाहीत. घरात घालायचा कपडा आपल्याकडे विकत घ्यायचा नसतोच. तो बाहेरच्या कपड्यांतून निवृत्त होऊन येतो. रंग विटला, कॉलर फाटली, गुडघा विरला की तो रात्रीचा झाला. मी स्वतःही हेच करीत आलो, म्हणून तुला दोष देत नाही. पण यातली चूक लक्षात घे. कापड ऊब तयार करीत नाही. ऊब शरीर तयार करते, आणि कापड आपल्या तंतूंमध्ये अडकलेल्या हवेच्या जोरावर ती धरून ठेवते. वर्षानुवर्षे धुतलेल्या कपड्याची लव झडलेली असते, तो विरविरीत झालेला असतो आणि त्यात हवा अडकायला जागाच उरलेली नसते. म्हणजे चोवीस तासांतल्या सर्वांत थंड वेळी आपण घरातला सर्वांत पातळ कपडा अंगात घालतो आणि यंदा थंडी फार आहे असे एकमेकांना सांगतो.

त्यातून पुण्याची थंडी फसवी. दुपारी अठ्ठावीस-तीस अंश असतात आणि पहाटे दहा-अकरावर येतात, कारण आकाश निरभ्र असते, हवा कोरडी असते आणि दिवसभर तापलेल्या जमिनीतली उष्णता रात्री अडवायला वर ढगांचे पांघरूण नसते. त्यामुळे इथे दिवसा बाहेर कोणी कुडकुडत नाही. थंडी वाजते ती रात्री, आणि तीही घरात बसल्या जागी. मी रोज सकाळी वर्तमानपत्रात वेधशाळेचे आकडे पाहतो. पूर्वी फक्त शिवाजीनगरचा पाहत असे. तू घर घेतल्यापासून पाषाणचाही पाहतो, आणि तो पुष्कळदा शिवाजीनगरपेक्षा खालीच असतो. तुला ही हेरगिरी वाटेल. आजोबांना आकड्यांत रस नव्हता, पण एक आकडा ते आयुष्यभर सांगत राहिले: १७ जानेवारी १९३५ रोजी शिवाजीनगरला १.७ अंश सेल्सिअस नोंदले गेले होते, आणि पुण्याच्या नोंदीतला तो नीचांक अजून मोडलेला नाही. ते तेव्हा आठ वर्षांचे होते. त्या रात्री पणजीने घरातली झाडून सगळी धोतरे आणि लुगडी मुलांवर एकावर एक टाकली होती, आणि ते म्हणत की वजनाने जीव गुदमरला पण थंडी मेली. पणजीला शास्त्र ठाऊक नव्हते, पण तिने केले ते बरोबरच होते: एका जाड कपड्यापेक्षा दोन पातळ कपडे बहुधा जास्त ऊब देतात, कारण दोहोंच्या मध्ये हवेचा आणखी एक थर मिळतो. फक्त ते अंगाला घट्ट नसावेत. कपडा आवळला गेला की ती हवा निघून जाते. म्हणून तुझ्या त्या व्यायामाच्या घट्ट विजारी थंडीत उपयोगाच्या नाहीत, निदान एकट्याने तरी नाहीत.

आणि थंडी जेवढी वरून लागते तेवढीच खालून लागते, हे मला रमणबागेत कळले. सवाई गंधर्व महोत्सव तेव्हा रात्रभर चालत असे. १९९६ साली तू पाच वर्षांची होतीस. आई, मी, शुभामावशी आणि तू अशी चौघे गेलो होतो, आणि मावशीने सतरंजी विसरून शाली मात्र तीन आणल्या होत्या. तिन्ही शाली पांघरूनही आम्ही मध्यरात्रीपर्यंत गारठून गेलो. शेवटी आईने त्यातली एक शाल खाली अंथरली, वर दोनच राहिल्या, आणि थंडी पळाली. तू माझ्या बंडीत शिरून झोपली होतीस. तुझे पाय बाहेर राहिले होते, ते मी दोन्ही तळव्यांत धरून बसलो होतो, आणि समोर काय गायले गेले ते मला आज एक अक्षर आठवत नाही. तुझे पाय गरम व्हायला किती वेळ लागला तेवढे आठवते. तुझे पाय तेव्हाही लवकर गरम होत नसत. असो. गाठोड्यात सतरंजीचा एक तुकडा आहे, तो टेबलाखाली टाक. फरशी पायांतली ऊब ओढून घेते. मध्ये जाड सूत असले की ते थांबते.

मंगळवारी दुपारी मी खरेदीसाठी बाहेर पडलो. तुळशीबाग झाली, लक्ष्मी रस्ता झाला, बसने कॅम्पात जाऊन आलो. सगळीकडे एकच माल दिसला: फ्लीसचे सेट, त्यांवर अस्वले, ससे आणि ढग, आणि शर्टाच्या टोपीला कान. एका दुकानातल्या मुलीने अगदी आदराने विचारले, "काका, एम दाखवू की एल?" आणि मला उत्तर देता आले नाही. हजारो अनोळखी बायकांच्या नुसत्या खांद्यांकडे पाहून किती कापड लागेल ते मी अचूक सांगत असे, आणि तुझे माप विचारल्यावर मला जे आठवले ते दहावीतल्या गणवेशाचे होते. मी काहीतरी पुटपुटून बाहेर आलो. घरी येऊन तुझ्या कपाटात राहिलेला करड्या रंगाचा पायजमा काढला, पलंगावर सपाट पसरला आणि टेपने मोजला. आई दारात उभी राहून पाहत होती. ती काही बोलली नाही, हे विशेष.

फ्लीसला मी नावे ठेवणार नाही, कारण तुझ्या पिढीला ते आवडते आणि त्यात गुणही आहेत. ते हलके असते, लवकर वाळते आणि किमतीच्या मानाने ऊब चांगली देते. पण ते बहुतेक वेळा पॉलिएस्टर असते, आणि पॉलिएस्टरला पाण्याशी देणेघेणे नसते. आमच्या शेठजींनी एकदा गिरणीचा माणूस बोलावून आम्हा सेल्समनची शिकवणी घेतली होती. त्या वेळचे आकडे मला अजून पाठ आहेत. प्रमाणित हवेत लोकर आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के ओलावा सामावून घेते, सूत साडेआठ टक्के, आणि पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून फ्लीस घालून झोपलेल्या माणसाला मध्यरात्री घाम आला तर तो कातडीवरच राहतो आणि पहाटे तोच गार पडतो. शिवाय आपल्या कोरड्या डिसेंबरात ते अंधारात काढताना ठिणग्या तडतडतात. (तुझ्या आईला तो प्रकार आवडतो. ती दोनदा काढून पुन्हा घालते.) आणि स्वयंपाकघरात ते घालून जाऊ नकोस, कारण पॉलिएस्टर पेटले की वितळून अंगाला चिकटते. खरे तर लव असलेले सुती कापडही ज्योत पटकन पकडते, तेव्हा रात्री चहा करायला उठलीस तर बाह्या दुमडूनच गॅसपाशी जा, मग अंगात काहीही असो.

लोकर सर्वांत उत्तम, पण तुला टोचते. आजोबांची घोंगडी, जिला चिंचोक्याची खळ देऊन धनगरांनी फळकुटासारखी कडक केली होती, ती तुझ्या अंगावर टाकली की तू लहानपणी किंचाळत असस. बारीक तंतूंची मेरिनो लोकर टोचत नाही, परंतु तिचा भाव ऐकून मी ती घडी घालून परत दिली. म्हणून लोकर फक्त पायांपुरती घेतली आहे: थंडीत येणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांकडून मोज्यांचे दोन जोड. त्या बाईने भाव कमी केला नाही आणि मीही फार ताणले नाही. काउंटरच्या अलीकडच्या बाजूला उभे राहून घासाघीस करणे मला अजून जमत नाही.

राहता राहिले फलालीन, म्हणजे तुम्ही ज्याला फ्लॅनेल म्हणता ते. ते मुळात लोकरीचे असे; आता आपल्याकडे मिळते ते बहुधा सुती. विणून झालेले कापड बारीक तारांच्या दातांच्या रुळांवरून फिरवतात, त्यामुळे धाग्यातले तंतू ओढले जाऊन वर येतात आणि पृष्ठभागावर लव उभी राहते. ऊब आहे ती त्या लवेत. पुण्याच्या कोरड्या हवेला हे कापड मला सर्वांत योग्य वाटते, कारण ते घाम टिपते, टोचत नाही आणि अंगावर पहिल्या क्षणी गार लागत नाही. तयार कपड्यांत मनासारखे मिळेना, तेव्हा त्याच संध्याकाळी रविवार पेठेत गेलो आणि एका जुन्या दुकानात दोन तागे सापडले, एक निळ्या चौकड्याचा आणि एक राखाडी. तळहात उलटा फिरवून पाहिला, कापड उजेडासमोर धरून वीण पाहिली, ओल्या रुमालाने घासून रंग पाहिला. दुकानदाराचा मुलगा माझ्याकडे संशयाने पाहत होता. त्याच्या वडिलांनी मला ओळखले. फलालीन पहिल्या धुण्यात आटते, म्हणून ते रात्रभर बादलीत भिजवले, गॅलरीत वाळवले आणि मगच आपल्या खालच्या शिंप्याकडे दिले. त्याने एका दिवसात शिवून दिले, ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच वेळ असावी. आसन सैल ठेवले आहे, कारण तू खुर्चीवर मांडी घालून बसतेस. घोट्याशी वारा शिरू नये म्हणून इलॅस्टिक घातले आहे, पण तेही सैलच.

मोजेसुद्धा मुद्दाम रबर नसलेले घेतले आहेत. शनिवारी संध्याकाळी तू बूट-मोजे काढलेस तेव्हा घोट्याभोवती जो वळ पडला होता तो रात्री जेवतानाही दिसत होता. मी याबद्दल काही लिहायचे नाही असे ठरवले होते.

तुझ्या आईच्या घोट्यांवर २००७ साली असेच वळ पडत असत. तू तेव्हा अकरावीत होतीस आणि तुझे तुला पुष्कळ होते, म्हणून तुला कदाचित आठवणार नाही. तिला मे महिन्याच्या पहाटेही शाल लागे. भर दुपारी माजघरात दोन स्वेटर घालून ती भाजी निवडत बसे आणि आम्ही सगळे हसत असू. आत्याने तर तिचे नाव हिमालय ठेवले होते. त्या वर्षभरात मी तिच्यासाठी दुकानातून तीन गरम गाऊन आणले, कामगारांना मिळणारी सवलत लावून. पहिला सुती, दुसरा आतून फलालीन लावलेला, तिसरा तो मरून रंगाचा लोकरी. प्रत्येक वेळी ती म्हणे, छान आहे हो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कुडकुडे. मला वाटे कापड कमी पडते आहे. कापडवाल्याला प्रत्येक दुखण्यावर कापडच सुचते. केस गळत होते, चेहरा सुजल्यासारखा दिसे, जिना चढताना ती मध्येच थांबे, आणि आम्ही म्हणत होतो की वय झाले, जेव्हा ती तुझ्या आजच्या वयाहून फक्त दहा-बारा वर्षांनी मोठी होती. शेवटी आपल्या जुन्या डॉक्टरांनी भलत्याच कामासाठी घरी फोन केला, तिने उचलला, आणि ते म्हणाले, "वहिनी, आवाज असा घोगरा का झालाय?" तिसऱ्या दिवशी रिपोर्ट हातात आला. टीएसएच या थायरॉइडच्या तपासणीत वरची मर्यादा साधारण साडेचारच्या आसपास असते; तिचा आकडा ऐंशीच्या पुढे होता. थायरॉइडची ग्रंथी मंदावली की तो आकडा चढतो आणि शरीराची भट्टीच मंद होते, आणि आत जाळच नसेल तर पांघरूण धरून काय ठेवणार? रोज सकाळी अनशापोटी एक छोटी गोळी, एवढेच त्याचे औषध. पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या वेळी ती नुसत्या काळ्या साडीत दारात उभी होती, शाल न घेता, आणि मी आत जाऊन उगीचच चहाचे कप धूत राहिलो.

हे आईकडून मुलीकडे येते, असे पुष्कळ घरांत दिसते. अंगात लोह कमी असले तरीही अशीच थंडी वाजते. एक नळीभर रक्त, एक सकाळ.

तर आईला दिलेला शब्द मोडला. हे व्याख्यान झाले, आणि तेही ज्या विषयावर द्यायचे नव्हते त्याच विषयावर. क्षमा कर. मी हा कागद बाजूला ठेवून पुन्हा लिहायला बसलो होतो, पण दुसऱ्या वेळीही याच जागी येऊन पोचलो, म्हणून पहिलाच पाठवीत आहे.

तुझी बाजूही मी मांडतो, म्हणजे एकतर्फी वाटणार नाही. रात्री दीड वाजता, दहा अंशांत, विरलेल्या पायजम्यात आणि अनवाणी बसले तर कोणालाही थंडी वाजेल, माझ्यासारख्या गेंड्यालाही वाजेल. चालणाऱ्या माणसाचे शरीर ऊब तयार करते. चार-पाच तास खुर्चीत बसून राहणाऱ्याचे ते काम बरेच मंदावते. तेव्हा आधी कपड्यांना न्याय्य संधी दे. पंधरा दिवस नीट घाल: आत तुझा नेहमीचा सुती बनियन, त्यावर इस्त्रीचा शर्ट, वर गाठोड्यातली बंडी, खाली फलालीनचा पायजमा, पायांत मोजे, मोज्यांखाली सतरंजी. बंडी काळी आहे, कॅमेऱ्यात जाकिटासारखीच दिसेल. काम संपवून अंथरुणात शिरताना मात्र बंडी काढ. शरीराचे आतले तापमान थोडे उतरल्याशिवाय गाढ झोप लागत नाही, आणि फार गुरफटून झोपले की घाम येऊन पहाटे जाग येते. मोजे ठेवलेस तरी चालेल. पाय गरम असले की झोप लवकर लागते, हे आजी सांगे आणि आता शास्त्रज्ञांनीही पडताळून पाहिले आहे. खोली बंद करून कोळशाची शेगडी पेटवायचे तुझ्या मनात येणार नाही, पण कोणी सुचवले तर ऐकू नकोस. तो धूर न दिसणारा असतो आणि जीव घेतो. एवढे सगळे करून पंधरा दिवसांनंतरही खांदे कानांपाशीच राहिले, तर दोष कापडाचा नाही, एवढे एकतीस वर्षांच्या अनुभवावरून सांगू शकतो. मग काय करायचे ते तू चौतीस वर्षांची आहेस.

(शेवटचे वाक्य टोमण्यासारखे वाचले जाईल, असे आत्ता लक्षात आले. तो टोमणा नाही.)

गोधडी पाठवायला आईने नकार दिला आहे. पानशेतच्या पुरातून आजीच्या हातची तेवढी एकच वाचली, आणि ती तू स्वतः येऊन नेशील तेव्हाच द्यायची, असा तिचा हट्ट आहे. मला त्यात डाव दिसतो, पण मी मध्ये पडत नाही. तिने गाठोड्यात तिळाच्या वड्या ठेवल्या आहेत, त्या कपड्यांखाली आहेत. वरच ठेवल्या असत्या तर कपडे तुझ्यापर्यंत पोचले असते की नाही, याची तिला खात्री नव्हती.

आणखी एक सांगायचे राहिले, जे रविवारी सांगायला हवे होते. तुझ्या दारावरच्या पाटीचा मी त्या दिवशी लिफ्टची वाट पाहताना फोटो काढला. पाटीवर फक्त तुझे नाव आहे, दुसऱ्या कोणाचे नाही, आणि अक्षरे फार सुरेख काढली आहेत. तो फोटो मी खालच्या पेपरवाल्याला दाखवला, शिंप्याला दाखवला आणि रविवार पेठेतल्या त्या दुकानदारालाही दाखवला. तो म्हणाला, "मुलीने स्वतःच्या कमाईवर घर घेतले?" मी म्हणालो, हो, सहाव्या मजल्यावर, तलावाकडे तोंड करून. नंतर घरी येताना बसमध्ये मनात आले की तलावाकडे तोंड म्हणजे वाराही तिकडूनच येणार. हॉलच्या खिडकीची फट कागदाने तात्पुरती बुजवता येईल. पुढच्या वेळी मी रबराची पट्टी घेऊन येतो, अर्थात तुझी हरकत नसेल तर.

पायजमे पहिल्यांदा इतर कपड्यांपासून वेगळे धू, निळा थोडा रंग सोडेल. गरम पाणी नको. उलटे करून वाळव, म्हणजे आतली लव मोकळी होते. कालांतराने मांड्यांच्या आतल्या बाजूला बारीक गोळे येतील, ते ओढू नकोस, कात्रीने काप. आणि दोन हिवाळ्यांनंतर तळहाताला लव लागेनाशी झाली की ते टाकून दे किंवा पायपुसणी कर; घरातच तर घालायचे आहेत म्हणून पुढची दहा वर्षे वापरू नकोस.

दोन्ही पायजम्यांना उजव्या बाजूला खोल खिसा शिवून घेतला आहे, कारण बायकांच्या कपड्यांना खिसा नसतो ही तुझी तक्रार मी दहावीपासून ऐकत आलो आहे. निळ्या चौकड्याच्या खिशात एक चिठ्ठी आहे आणि तिच्यावर एक फोन नंबर आहे. आईला मी जे कबूल केले होते ते पत्राबद्दल होते, खिशाबद्दल काही बोलणे झाले नव्हते. मशिनमध्ये टाकण्यापूर्वी खिसा तेवढा तपासून घे.

तुझे
बाबा